बाळंतिणीचा काढा आणि बाकीच्या बाया

लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या इतवाऱ्यात काष्ठौषधीच्या जुन्या दुकानात जाऊन ‘बाळंतिणीचं सामान द्या’ एवढं म्हटलं तरी पुरतं. दुकानदाराला पुढं काही विचारावं लागत नाही. सुंठ, पिंपळमूळ, ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, धावड्याचा डिंक, कमरकस, खारीक, हळीव, शतावरी अशा पुड्या बांधल्या जातात, आणि वर एक, दोन, तीन असे क्रमांक घातलेल्या बाळंतकाढ्याच्या बाटल्या येतात. त्याच दुकानात पाळी पंधरा पंधरा दिवस न थांबणाऱ्या बाईसाठी, किंवा अंगावरून पांढरं जाऊन कंबर धरलेल्या बाईसाठी, असं बांधून तयार ठेवलेलं सामान नसतं. तिला काय होतंय ते दबक्या आवाजात सांगावं लागतं, नाहीतर दुसऱ्या कुणाकरवी चिठ्ठी धाडावी लागते. हा फरक दुकानदारानं केलेला नाही, त्याच्यामागं मोठा इतिहास आहे. या भागातल्या स्त्री-औषधांचा इतिहास हा मुळात बाळंतिणीच्या औषधांचा इतिहास आहे, असं माझं म्हणणं आहे. बाईचं दुखणं म्हणजे मूल झाल्यामुळं आलेलं किंवा मूल होत नाही म्हणून लक्षात आलेलं, असं धरूनच घरातलं, गावातलं, पोथीतलं आणि पुढं सरकारातलंही वैद्यक उभं राहिलं. बाकीच्या तक्रारींसाठी मुळ्या होत्या, उपचार नव्हता. मुळी आणि उपचार या दोन गोष्टी इथं मुद्दाम वेगळ्या धरल्या आहेत.

बाळंतपणाच्या बाजूची श्रीमंती आधी पाहावी, कारण ती खरोखरच मोठी आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानातल्या आठव्या अध्यायात सूतिकेची व्यवस्था सांगितली आहे. पिंपळी, पिंपळमूळ, चवक, चित्रक आणि सुंठ यांचं चूर्ण तुपातेलातून द्यावं, पोटाला तेलतूप चोळून ते मोठ्या कापडानं गुंडाळून बांधावं, गरम पाण्यानं न्हाऊ घालावं, पातळ पेज द्यावी. या ओळी कधी न ऐकलेल्या, अक्षरओळखही नसलेल्या मराठवाड्यातल्या सुईणींनी पिढ्यानपिढ्या जवळजवळ हेच केलं. दहा-बारा दिवस रोज तेल लावणं, कढत पाण्यानं न्हाऊ घालणं, बाजेखाली शेगडी ठेवून शेक देणं, ओवा-वावडिंगाची धुरी, पोट घट्ट बांधणं, सुंठ-पिंपळमुळाचे लाडू. पोथीतून हे ज्ञान खाली उतरलं की लोकांतून पोथीत चढलं, याचा निवाडा आता कुणी करू शकत नाही, आणि माझ्या मुद्द्याला त्याची गरजही नाही. महत्त्वाचं एवढंच की बाळंतिणीच्या बाबतीत ब्राह्मण वैद्याची पोथी आणि गावकुसाबाहेरची सुईण यांचं एकमत होतं. सुईणपण करणाऱ्या बायका पुष्कळ ठिकाणी मांग समाजातल्या असत. जुन्या जातिवर्णनांच्या ग्रंथांत तशा नोंदी आहेत. एरवी जिची सावली चालत नव्हती तिचा हात बाळंतिणीच्या खोलीत चालत होता. तिला धान्य, लुगडं-चोळी मिळे, मुलगा झाला तर थोडं सढळ हातानं. म्हणजे या कामाला मजुरी होती, मुदत होती, सटवीच्या पूजेचा दिवस होता आणि सव्वा महिन्याचा विटाळ होता. विटाळाला आपण आज नावं ठेवतो, त्यात चूक नाही. पण त्या विटाळानंच बाळंतिणीला चुलीपासून आणि शेतापासून सव्वा महिना लांब ठेवलं, हेही नोंदवायला हवं.

या सामानाचा भूगोलही बघण्यासारखा आहे. बाळंतकाढ्यांत ज्यांचा मान मोठा त्या दशमुळांपैकी पाच लहान वनस्पती आहेत: रिंगणी, डोरली, सालवण, पिठवण आणि गोखरू. यातला गोखरू, म्हणजे आपला सराटा, आणि रिंगणी बांधावर आणि पडिकात पायात रुततात, त्यासाठी दुकानात जायची गरज नाही. उरलेली पाच झाडं आहेत: बेल, शिवण, टेंटू, पाडळ आणि अग्निमंथ. बेल देवळापाशी सापडतो. बाकीच्यांसाठी जंगल लागतं आणि लातूर जिल्ह्यात जंगल नावापुरतंच आहे. नांदेडकडे किनवट-माहूरचं सागवानी रान आहे. तिथं गोंड, कोलाम, आंध यांची वस्ती आहे आणि धावड्याचा डिंक, धायटीची फुलं, पळसाचा डिंक म्हणजेच कमरकस, शतावरी हे सगळं त्या डोंगरांत मिळतं. ज्या बायका रानात डिंक वेचत, त्यांच्या स्वतःच्या बाळंतपणात तूप-खोबऱ्याचा डिंकलाडू असेलच असं नाही. सुईणीचंही तसंच. दुसऱ्याच्या घरी दहा दिवस न्हाऊ घालणारी बाई स्वतः बाळंत झाल्यावर किती दिवसांत खुरपं हातात घेत असेल, याचा अंदाज करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. तेव्हा ‘परंपरेत बाळंतिणीची किती काळजी घेतली जाई’ असं सरसकट म्हणणाऱ्यांनी कुणाच्या परंपरेत तेही सांगावं. ही काळजी जमीन असलेल्या घरांची होती. तरीही तो नमुना सगळ्यांच्या डोळ्यांपुढं होता. बाळंतिणीला काय मिळायला हवं हे मजुराच्या घरातही माहीत होतं, मिळत नव्हतं एवढंच. पांढरं जाणाऱ्या बाईला काय मिळायला हवं, हे मात्र वाड्यातही कुणी ठरवलेलं नव्हतं.

सगळीकडे असंच असणार, बाईकडे जगभर वंशाचं साधन म्हणूनच पाहिलं गेलं, असं कुणी म्हणेल. ते बरंचसं खरं आहे, पण पूर्ण खरं नाही, आणि चीनचं उदाहरण इथं उपयोगी पडतं. सातव्या शतकाच्या मध्यावर सुन सिमियाओ या वैद्यानं आपल्या मोठ्या औषधसंग्रहात स्त्रियांचे विकार सगळ्यांच्या आधी घेतले. बायकांचे रोग पुरुषांच्या रोगांहून दहापट अवघड असतात, म्हणून त्यांचा वेगळा विचार करायला हवा, अशी त्याची भूमिका होती. पण त्याचाही स्त्रीविभाग सुरू होतो तो अपत्यप्राप्तीपासूनच. पुढं सुंग राजवटीत छेन त्झुमिंग यानं 1237 मध्ये केवळ स्त्रियांच्या विकारांवर एक विस्तृत ग्रंथ लिहिला. त्याचं पहिलं प्रकरण आहे पाळी नियमित करण्याचं. त्यानंतर इतर रोग, मग अपत्यप्राप्ती, गर्भ, बाळंतपण आणि बाळंतिणीचे आजार. प्रकरणांच्या क्रमातला हा बदल मला मोलाचा वाटतो. बाई गरोदर असो, नसो, विधवा असो की म्हातारी, तिच्या शरीराला स्वतःचा एक हिशोब आहे, आणि वैद्यानं तिथून सुरुवात करायची, असं त्या क्रमानं ठरवून टाकलं. डांगग्वेइ नावाची मुळी, पिओनीचं मूळ आणि आणखी दोन मुळ्या मिळून होणारा ‘चार द्रव्यांचा काढा’ सुंग काळातल्या सरकारी औषधालयाच्या संग्रहात आला आणि चिनी घरांत बायकांचं नेहमीचं औषध होऊन बसला. बाळंतिणीनं महिनाभर घरात बसण्याची चाल चीनमध्येही आहे, आपल्या सव्वा महिन्यासारखीच. पण तिथं त्या महिन्याच्या जोडीला दर महिन्याच्या पाळीचंही एक प्रतिष्ठित, लिखित आणि दुकानात उघडपणे मागता येणारं औषध होतं. याचा अर्थ चिनी बाई सुखी होती असा नाही. तिचे पाय बांधले जातच होते, आणि पाळी नीट असावी ती शेवटी मूल व्हावं म्हणून, हाही विचार तिथं होताच. मी फक्त एवढंच म्हणतो आहे की औषधशास्त्राची मांडणी निराळी होऊ शकत होती, आणि एका जुन्या, पुरुषप्रधान, शेतीप्रधान समाजात ती तशी झाली.

यावर आयुर्वेदाच्या अभ्यासकाचा आक्षेप ठरलेला आहे. चरकाच्या चिकित्सास्थानात वीस योनिव्यापद, म्हणजे योनिरोग, वर्णिले आहेत, प्रदराची, म्हणजे अंगावरून जाण्याची, चिकित्सा आहे, त्यासाठी पुष्यानुग चूर्ण आहे, मग हे सगळं काय बाळंतपणाचं आहे? आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर दोन पायऱ्यांनी द्यावं लागतं. पहिली गोष्ट, तो तिसावा अध्याय उघडतो तोच मुळी स्त्री ही अपत्यांचं मूळ आहे आणि योनिरोगांनी तिच्यात अडथळा येतो, या विचारानं. योनिरोग का बरे करायचे, तर बीज धरून ठेवलं जावं म्हणून. आयुर्वेदाच्या आठ अंगांत स्त्रीरोगांना स्वतःचं अंग नाही, हा विषय बालकांच्या अंगाखाली येतो. म्हणजे योग आहेत, उत्तम आहेत, पण ते ज्या कपाटात ठेवले आहेत त्याच्या दारावर मुलाचं नाव आहे. दुसरी गोष्ट जास्त स्थानिक आहे. ग्रंथ असणं आणि तो बाईपर्यंत पोचणं यात अंतर असतं, आणि मराठवाड्यात हे अंतर मोजायला एक फार चांगला माणूस आहे: हेमाद्री. देवगिरीच्या यादवांचा हा तेराव्या शतकातला मंत्री. त्यानं वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिली, आणि त्याच्याच ‘चतुर्वर्गचिंतामणि’त व्रतांचा एक अवाढव्य खंड आहे. एकाच माणसाच्या नावावर वैद्यकही आणि व्रतंही. आता मराठवाड्यातल्या घराघरांत बायकांपर्यंत यातलं काय पोचलं? अष्टांगहृदयाची टीका वैद्यघराण्यांच्या पोथ्यांत राहिली. उपास, नवस, ओटी, सोमवार-शुक्रवार मात्र झिरपत झिरपत शेतमजुराच्या झोपडीपर्यंत गेले. यात सगळा दोष हेमाद्रीच्या माथी मारायचा नाही. त्याच्याही आधीपासून या मातीत स्त्रीचं शरीर पूजेत आलं ते जननशक्ती म्हणूनच. तेरच्या उत्खननात मिळालेल्या लज्जागौरीच्या प्रतिमा हेच सांगतात, आणि रा. चिं. ढेऱ्यांनी त्या देवतेवर केलेलं काम वाचलं की रेणुका, यल्लमा, सटवाई यांचं गोत्र उलगडत जातं. माहूरच्या गडावर चढणारी बाई आईला मूल मागते. तिथं धुपणी, म्हणजे अंगावरून जाणं, बरी कर म्हणून नवस बोलायला बंदी नाही, पण त्यासाठी ठरलेला विधीही नाही.

मराठवाड्याचं एक वेगळेपण उरलेल्या महाराष्ट्राला सहसा आठवत नाही. हा मुलूख 1948 च्या 17 सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. मुंबई इलाख्यात सरकारी दवाखाना म्हणजे इंग्रजी दवाखाना, तर हैदराबाद संस्थानात युनानी वैद्यकालाही सरकारी आश्रय होता. चारमिनारजवळ मोठं युनानी रुग्णालय उभं राहिलं, आणि जिल्ह्या-तालुक्यांत सरकारी युनानी दवाखाने होते. नांदेडच्या सरकारी रसशाळेच्या नावात आजही आयुर्वेदाच्या जोडीला युनानी आहे, ती त्या काळाची खूण. माझ्या दृष्टीनं युनानीचं महत्त्व असं की, हकिमांकडे पांढरं जाण्याला आणि पाळी थांबण्याला स्वतंत्र रोग म्हणून नाव होतं आणि त्यांसाठी ठरलेले माजून होते. माजून सुपारीपाक हे त्यांतलं सगळ्यांत प्रसिद्ध. सुपारी अरबी-इराणी ग्रंथांच्या मुख्य प्रवाहातली नाही, ती इथली. नाव इथलं, कृती इथली, आणि वर ‘माजून’ हा अरबी किताब. वैद्यांकडेही पूगपाक म्हणून तोच प्रकार चाले. हिंदू-मुसलमान वैद्यकांची सरमिसळ दाखवायला एरवी कव्वाली आणि बिर्याणीचे दाखले देतात. त्यांनी हा सुपारीपाकही चाखून पाहावा. मग इथं माझा मुद्दा ढासळतो का? थोडा ढासळतो, आणि ते मान्य केलं पाहिजे: बाळंतपणाशी संबंध नसलेलं स्त्रीचं औषध या बाजारात होतं, त्याला नाव होतं आणि किंमत होती. पण हकीम पुरुष, नाडी बघणारा. बाई पडद्यात किंवा पदराआड. तिची तक्रार नवऱ्याच्या किंवा सासूच्या तोंडून जाणार आणि पुडी त्याच वाटेनं परत येणार. शिवाय हा हकीम शहरात. कंधार-मुखेडच्या खेड्यातली बाई नांदेडच्या हकिमापर्यंत स्वतःच्या पांढऱ्या पाण्यासाठी बैलगाडी जुंपायला लावेल, अशी घरं फार नव्हती. मूल होत नाही म्हणून मात्र बैलगाडी जुंपली जाई.

दुसरा आक्षेप जास्त कठीण आहे. बायकांचं ज्ञान तोंडी असतं, ते पुरुषांनी लिहून ठेवलं नाही. तेव्हा नोंद नाही म्हणून ज्ञान नव्हतं असं म्हणणं अन्यायाचं आहे. डॉक्टर राणी बंगांचं ‘गोईण’ वाचलं की हा आक्षेप किती वजनदार आहे ते कळतं. गडचिरोलीतल्या बायकांचं झाडांशी असलेलं नातं आणि त्यांचं झाडांविषयीचं ज्ञान त्यात आलं आहे. मराठवाड्यातही ही माहिती होतीच. तांदळाच्या धुवणात तांदुळजाचं मूळ उगाळून घेणं, उंबराच्या सालीचा काढा, दुर्वांचा रस, ताकातून नागकेशर, जास्वंदीच्या कळ्या, धने-जिऱ्याचं पाणी. अंगावरून जास्त जातंय म्हणताच म्हातारी यांतलं एखादं सांगे. वैदूंच्या झोळीतही मुळ्या असत. यांतल्या काहींना ग्रंथांचाही आधार आहे. तेव्हा ज्ञान नव्हतं असं मी म्हणत नाही. मी म्हणतो, उपचार नव्हता. उपचार म्हणजे मुळीशिवाय आणखी चार गोष्टी. तक्रार उघड बोलता येणं, चार दिवस काम सुटणं, पोटात बरं अन्न जाणं, आणि हे सगळं बघणारं एखादं ठरलेलं माणूस असणं. निदान जमीन असलेल्या घरांत बाळंतिणीला हे चारही मिळत. मुळ्यांमध्ये ताकद किती होती हे बाजूला ठेवलं, तरी तूप, डिंक, खोबरं, झोप आणि मालीश यांनी तिचं भलंच होई. उलट, रोज एक वाटी दुर्वांचा रस पिऊन दिवसभर तूर कापणाऱ्या, रात्री सगळ्यांनंतर उरलंसुरलं खाणाऱ्या बाईचं रक्त दुर्वांनी कुठून भरून येणार? तिच्या दुखण्याला सुईणही नव्हती. सुईणीला बोलावलं तर ती सांगे, पोट चोळून देई, पण त्यासाठी तिला लुगडं मिळत नव्हतं, म्हणून ते तिचं काम नव्हतं, उपकार होता. नको असलेला गर्भ पाडण्याच्या औषधांचा उल्लेख इथं करावाच लागतो. तीही बाळंतिणीच्या औषधांची काळी उलट बाजू होती, चोरून दिलेली, आणि 1971 चा कायदा येईपर्यंत तिनं किती जणींचा जीव घेतला याचा हिशोब कुठल्याच वहीत नाही.

विसाव्या शतकाच्या तोंडाशी आगगाडी आली. मनमाड ते सिकंदराबाद ही हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे 1900 मध्ये सुरू झाली आणि नांदेड मुंबई-हैदराबादच्या व्यापाराला जोडलं गेलं. लातूरला बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी 1911 मध्ये पोचली, आणि 1917 मध्ये गोलाईची बाजारपेठ आखली गेली. गूळ, शेंगदाणा, डाळी बाहेर जायला लागल्या आणि बाटल्या आत यायला लागल्या. पनवेलचा धूतपापेश्वर कारखाना 1872 चा, सांडू बंधूंचा 1899 चा, पुण्याची आयुर्वेद रसशाळा 1935 ची. कलकत्त्यात 1917 मध्ये निघालेल्या बैद्यनाथनं पुढं नागपुरात बस्तान बसवलं. वैद्याच्या घरच्या खलबत्त्यातलं औषध कारखान्यात गेलं. बाळंतकाढ्याची बाटली झाली ती ठीकच, घरच्या काढ्याला तो सोयीचा पर्याय होता. पण खरी क्रांती अशोकारिष्टानं केली. त्याचा पाठ बंगालच्या ‘भैषज्यरत्नावली’तला, म्हणजे आयुर्वेदाच्या हिशोबानं कालपरवाचा. चरकाला अशोक माहीत आहे तो वेदना शमवणारा म्हणून. रक्तप्रदरावर दुधात उकळलेली अशोकाची साल अकराव्या शतकातल्या चक्रदत्ताकडे दिसते, तोही बंगालचाच. म्हणजे आज जे औषध ‘आपल्या आजीपासून’ म्हणून विकलं जातं, ते लातूर-नांदेडच्या आजीला बहुधा माहीत नव्हतं; तिच्या शिवारात ते झाडच नाही. सीता अशोक ओलाव्याचं झाड, सह्याद्रीतलं आणि पूर्वेकडचं. मराठवाड्यात शाळा-कचेऱ्यांपुढं जो सरळसोट अशोक दिसतो तो वेगळाच, आणि त्याचीच साल खऱ्या अशोकाच्या नावानं बाजारात मिसळली जाते, ही आयुर्वेदीय औषधांच्या व्यापारातली जुनी तक्रार आहे. या बंगाली पाठात आपल्या रानातलंही एक द्रव्य आहे: धायटीची फुलं. अरिष्ट आंबवायला ती लागतात, आणि किनवटच्या रानात ती फुलतात.

एवढ्या परक्या औषधानं इतकं घर का करावं? माझ्या मते कारण औषधात कमी आणि बाटलीवरच्या लेबलात जास्त आहे. ‘स्त्रियांच्या विकारांवर’ अशी ठळक अक्षरं घेऊन ती बाटली आली. पंचांगात, मासिकात, दिवाळी अंकाच्या मागच्या पानावर तिची जाहिरात आली, आणि मराठी बाईला पहिल्यांदा कुणीतरी छापील शब्दांत विचारलं की तुमची कंबर दुखते का, पाळीत त्रास होतो का, अंगावरून जातं का. घरातल्या, गावातल्या, पोथीतल्या कुणीही तिला मुलाखेरीज हे विचारलं नव्हतं. छेन त्झुमिंगनं तेराव्या शतकात ग्रंथाच्या पहिल्या प्रकरणात जे ठेवलं, ते आमच्याकडे विसाव्या शतकात जाहिरातीतून आलं. जाहिरातदारांचा हेतू नफ्याचा होता, त्यांचे दावे अतिशयोक्त होते, हे सगळं कबूल. तरी त्यांनी एक मोकळी जागा ओळखली होती. पण बाटलीनंही विश्रांती दिली नाही. उलट, दोन वेळा दोन चमचे समभाग पाण्यातून घ्या आणि कामाला लागा, हेच तिचं आकर्षण होतं.

शिक्षण आणि सरकार यांनी ही मोकळी जागा भरायला हवी होती. इथंही जुनाच क्रम चालू राहिला. आनंदीबाई जोशींनी 1886 मध्ये पेनसिल्व्हेनियात पदवीसाठी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. परंपरेकडे पाहताना पहिल्या मराठी स्त्री-डॉक्टरलाही त्यात प्रसूतीच दिसावी, हा तिचा दोष नव्हे; परंपरेनं तिच्यापुढं तेच ठेवलं होतं. आयुर्वेद महाविद्यालयांत, त्यात नांदेडचं शासकीय महाविद्यालयही आलं, विषयाचं नाव झालं ‘प्रसूतितंत्र व स्त्रीरोग’, म्हणजे आधी प्रसूती. स्वातंत्र्यानंतरचे आरोग्य कार्यक्रम माता-बाल संगोपन आणि कुटुंबनियोजन या दोन रुळांवर चालले. सुईणींना प्रशिक्षण मिळालं ते नाळ स्वच्छ कापण्याचं. 2005 नंतर जननी सुरक्षा योजनेनं बाळंतपणं दवाखान्यात नेली. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली जवळपास 95 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. हे यश छोटं नाही, त्यानं जीव वाचले. पण त्याच सर्वेक्षणात राज्यातल्या 54 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या 650 बायका तपासून 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये जे छापलं, ते माझ्या मुद्द्याचं सगळ्यांत भक्कम प्रमाण आहे. 92 टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि त्यासाठी आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. गडचिरोली म्हणजे लातूर नव्हे, हे खरं. पण आकडा तिथला असला तरी कारण तिथलंच नाही. गरोदर नसलेल्या बाईला तपासायची पद्धतच कुठं नव्हती, तर ती गडचिरोलीतही नसणार आणि उदगीर-देगलूरलाही नसणार.

शेवटचा आक्षेप शास्त्रनिष्ठांचा आहे. या मुळ्या-काढ्यांत दम नसेल तर त्यांच्या असण्या-नसण्याचा इतिहास कशाला? डांगग्वेइचीच गोष्ट घ्या: अमेरिकेत 71 स्त्रियांवर 1997 मध्ये झालेल्या नियंत्रित चाचणीत पाळी गेल्यानंतरच्या त्रासावर ती मुळी एकटी दिली असता खोट्या गोळीपेक्षा काही सरस ठरली नाही. अशोकारिष्टाच्या बाजूनं असलेला पुरावाही असाच तोकडा आहे. हे मला मान्य आहे, आणि रक्तस्राव थांबत नसलेल्या बाईनं बाटलीवर महिने घालवावेत असं कुणी सुचवत असेल तर तो तिचा शत्रू आहे. पण औषध लागू पडत नसतानाही उपचाराची पद्धत समाजाला काहीतरी शिकवत असते. बाळंतिणीच्या पद्धतीनं शिकवलं की या अवस्थेत बाईला काम लावायचं नाही. पाळीच्या आणि पांढऱ्याच्या बाबतीत तसं काहीच शिकवलं गेलं नाही, आणि त्याची किंमत मराठवाड्यानं अलीकडेच मोजली आहे. बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या 82,309 बायकांची माहिती 2019 मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या समितीसाठी गोळा झाली, तेव्हा 13,861 जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा जणींत एक. देशपातळीवर हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. बहुतेकींच्या तक्रारी याच लेखातल्या आहेत: पांढरं जाणं, पाळीत जास्त जाणं, ओटीपोट दुखणं. खासगी दवाखान्यांचा लोभ हे एक कारण, कर्करोगाची भीती घालणं हे दुसरं. पण बायका तयार का झाल्या, याचं उत्तर उसाच्या फडावर मिळतं. उचल घेऊन गेलेल्या कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, एका दिवसाचा खाडा परवडत नाही, मुकादम पैसे कापतो. दर महिन्याला विश्रांती मागणाऱ्या दुखण्यावर एकदाच विश्रांती मागणारी शस्त्रक्रिया हा त्या हिशोबातला स्वस्त उपाय होता. मुलं झालेली आहेत, आता पिशवीचं काय काम, हे वाक्य डॉक्टरच्या तोंडी नवं वाटतं, पण ते त्या जुन्या कपाटातलंच आहे.

बीडमध्ये त्यानंतर पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली, तोडणीला जाण्याआधी आणि परतल्यावर बायकांची तपासणी व्हावी अशा शिफारशी झाल्या. बीडमधून जाणाऱ्या बालाघाटच्या डोंगररांगेवरून लातूर-नांदेडच्या तालुक्यांतूनही टोळ्या दर दिवाळीनंतर कारखान्यांकडे निघतात. तपासणी हवीच. लोहाच्या गोळ्या हव्यात, गर्भाशयमुखाची चाचणी हवी, जंतुसंसर्गावर वेळेत प्रतिजैविकं हवीत. यांतलं काहीच आजीच्या बटव्यात नव्हतं. पण बाळंतिणीच्या त्या सव्वा महिन्यामागं जी तरतूद होती, कामाची सुट्टी आणि त्या दिवसांचं पोट दुसऱ्या कुणीतरी भरण्याची हमी, ती फडावरच्या बाईच्या पाळीच्या चार दिवसांसाठी अजून कुणी केलेली नाही, आणि तोवर परवानगीचा कागद शस्त्रक्रिया फार तर पुढं ढकलेल.